ठासणीची रायफल १४ सेंमी खाली मारते, माशीला कानस लावू का?

पहिला_बार:
नमस्कार मंडळी. ठासणीची रायफल हातात येऊन दोन महिने झाले. ०.५० इंची नळी, टोपीवर चालणारी (घोडा आपटला की टोपी फुटून दारू पेटते). नेम धरायच्या दोन्ही साइट पक्क्या: पुढे पितळेची उभी माशी, मागे डव्हटेलमध्ये (नळीवरच्या आडव्या खोबणीत) बसवलेली साधी खाच. वरखाली करायला स्क्रू कुठेच नाही. नळीच्या आत कोरलेल्या आट्यांचा पीळ ४८ इंचांत एक फेरा. ०.४९० इंची गोल गोळी, तिच्याभोवती सुती चिंधी आणि ६० ग्रेन (दारू मोजायचं एकक) काळी दारू वापरतो.

५० मीटरवर बेंचवर टेकून पाच बार काढले. पाचही खाली. केंद्रापासून सरासरी १४ सेंमी खाली, ३ सेंमी डावीकडे, आणि गोळ्यांचा पसारा १५ सेंमी. पुढच्या वेळी गेलो तर पुन्हा जवळजवळ तसंच.

माशी ६.२ मिमी उंच आहे, नुसत्या डोळ्यांनाही जरा जास्तच उंच वाटते. एक जण म्हणाला माशी घास, दुसरा म्हणाला मागची खाच खोल कर. कानस काढून टेबलावर ठेवली होती, पण घासलेलं पितळ परत लावता येत नाही, म्हणून आधी इथे विचारतोय.

कानसवाली:
आधी ती कानस परत खोक्यात ठेवा. तिची पाळी येईल, पण अजून नाही.

आणि मागची खाच खोल करायला सांगणाऱ्याचं अजिबात ऐकू नका, त्याने गोळी आणखी खाली जाईल. हे एकदा नीट समजून घेतलं की आयुष्यात पुन्हा गोंधळ होत नाही. गोळी जिकडे जायला हवी तिकडे मागची साइट न्यायची, आणि पुढची माशी उलट दिशेला. गोळी वर हवी असेल तर मागची खाच वर, किंवा माशी खाली. खाच खोल केली म्हणजे मागची साइट खाली आणली, झालं उलटंच.

पाठ करण्यापेक्षा डोळ्यांसमोर आणा. माशीचं टोक खाचेच्या वरच्या कडेला जुळवून तुम्ही निशाणावर धरता. माशी उंच असेल तर ते टोक खाचेत बसवायला नळीचं तोंड खाली झुकवावं लागतं. तोंड खाली, गोळी खाली. माशी बुटकी झाली की तेच टोक जुळवायला तोंड वर उचलावं लागतं.

पक्क्या साइटच्या रायफलींवर माशी मुद्दामच उंच सोडलेली असते. तुम्ही किती दारू भरणार, कोणती गोळी वापरणार, कसा नेम धरणार हे बनवणाऱ्याला ठाऊक नसतं. उंच माशी घासून कमी करणं सोपं, बुटकी माशी वाढवणं कटकटीचं. म्हणजे तुमची रायफल खाली मारते यात बिघाड काहीच नाही. ती तुमच्यासाठी अजून जुळवायची राहिली आहे, इतकंच.

शिसं_आणि_चिंधी:
ताईंनी दिशा नेमकी सांगितली. मला खटकतोय तो १५ सेंमीचा पसारा. ५० मीटरवर टेकून एवढा पसारा असेल तर "सरासरी १४ सेंमी खाली" या आकड्यावर माझा भरवसा बसत नाही. आणखी पाच बार काढा, तोच आकडा कदाचित १० येईल, कदाचित १७. अशा हलत्या आकड्यावर कानस चालवली तर पुढच्या महिन्यात तुम्ही "रायफल वर मारते" असा धागा काढाल.

काही गोष्टी विचारतो, मोकळेपणाने सांगा:
दोन बारांच्या मध्ये नळी पुसता का?
चिंधीची जाडी किती, आणि बार झाल्यावर जमिनीवर पडलेल्या चिंध्या उचलून पाहिल्यात का?
गोळी दारूवर पूर्ण टेकली हे कशावरून ओळखता?
बेंचवर रायफल कुठे टेकवता, लाकडावर की नळीवर?

पहिला_बार:
नळी पाच बार झाल्यावर पुसतो. चिंधी घरातल्या जुन्या सुती कापडाची, जाडी मोजलेली नाही. चिंध्या कधी उचलल्या नाहीत. गोळी हाताला घट्ट लागली की झालं असं समजतो. तिसऱ्या-चौथ्या बाराला गज (गोळी ठासायची सळई) ढकलायला बराच जोर लागतो हे मात्र जाणवलंय. आणि हो, दस्त्याच्या, म्हणजे लाकडाच्या, पुढे उघडी नळी वाळूच्या पिशवीवर टेकवतो.

शिसं_आणि_चिंधी:
मग पसाऱ्याचं कारण इथेच आहे. सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते तुमचं निम्मं काम याच पोस्टमध्ये आहे.

काळी दारू जळली की नळीत बराच चिकट मळ राहतो. पहिला बार स्वच्छ नळीतून, पाचवा मळलेल्या नळीतून. दोघांचा दाब वेगळा, वेग वेगळा, गोळी वेगळ्या जागी. तिसऱ्या बाराला गज अडतो तो या मळामुळेच. प्रत्येक बारानंतर एक ओलसर चिंधी आत-बाहेर, मग एक कोरडी. ओलसर म्हणजे खरंच ओलसर. निथळती नको, नाहीतर पाणी मागे दारूच्या जागेत उतरतं आणि पुढचा बार पेटत नाही.

चिंधीचं कापड एकच ठेवा आणि जाडी मोजा. ०.५० नळीत ०.४९० ची गोळी असेल तर ०.०१५ इंच, म्हणजे साधारण ०.३८ मिमी जाडीपासून सुरुवात करा. घट्ट विणीचं सुती कापड घ्या, त्यात कृत्रिम धागा नको, तो उष्णतेने वितळतो. बार झाल्यावर चिंध्या शोधून बघा. मधोमध काळा डाग आणि कडा झिरमिळ्या पण अखंड, तर उत्तम. मध्येच जळून भोक पडलं असेल तर वंगण कमी किंवा कापड पातळ. आट्यांच्या रेषांवर कापली गेली असेल तर नळीच्या तोंडाची धार तीक्ष्ण आहे किंवा जोड फार घट्ट आहे.

गोळी पूर्ण टेकण्याबद्दल तर हट्टाने सांगतो. हा सुरक्षेचा प्रश्न आहे. गोळी आणि दारू यांच्यात पोकळी राहिली तर नळी फुगू शकते, फुटूही शकते. रिकाम्या नळीत गज टाकून तोंडापाशी गजावर एक खूण करा. मग तुमचं ठरलेलं माप भरून, गोळी पूर्ण बसवून दुसरी खूण. दर वेळी दुसरी खूण तोंडाशी आली पाहिजे. रायफल भरलेली आहे की रिकामी हेही या दोन खुणांवरून कळतं.

दारू नेहमी मापातून ओता, थेट भांड्यातून नळीत कधीच नाही. आत एखादी ठिणगी जिवंत असली तर हातात फक्त मापभर दारू असावी. आणि आधुनिक बिनधुराची दारू या नळीत चिमूटभरही नको. नवीन वाचणाऱ्यांसाठी हे पुन्हा लिहितोय.

टेकवण्याची जागा बदला. नळीखाली कठीण आधार दिला की बाराच्या धक्क्याने ती वेगळी उसळते. हातात धरता तिथे, लाकडाखाली, मऊ पिशवी ठेवा. नळी दस्त्याला पाचरीने अडकवलेली असेल तर पाचर सैल नाही ना तेही बघा.

हे सगळं करून ६०, ७० आणि ८० ग्रेनचे वेगवेगळे ग्रुप काढा, म्हणजे प्रत्येक मापाचे पाच-पाच बार वेगळ्या कागदावर. तुमच्या रायफलीसाठी बनवणाऱ्याने दिलेली कमाल मर्यादा ओलांडू नका. ज्या मापाला ग्रुपचा पसारा सर्वांत कमी, ते माप कायमचं. उंची नंतर.

चकमक_चाप:
वर सगळं रायफलीबद्दल झालं. मी माणसाबद्दल विचारतो. चाप ओढताना दचकत तर नाही ना?

खाली जाणाऱ्या गोळ्यांचं हे फार जुनं कारण आहे. धक्का येणार हे शरीराला माहीत असतं, खांदा आधीच पुढे येतो आणि नळीचं तोंड खाली बसतं. माझी रायफल टोपीऐवजी चकमकीच्या दगडाने पेटणारी आहे. घोडा पडल्यापासून बार होईपर्यंत जो इवलासा वेळ जातो त्यात हे दचकणं फार स्पष्ट पकडलं जातं. टोपीच्या रायफलीत ते लपून राहतं.

तपासायचं असं: रायफल रिकामी आहे याची गजाने खात्री करा, निपलवर (टोपी बसते त्या टोकावर) चामड्याचा छोटा तुकडा ठेवा म्हणजे घोडा निपलला ठोकणार नाही, आणि माशीकडे बघत चाप ओढा. माशी हलली तर कारण सापडलं. दुसरा उपाय म्हणजे सोबत्याने रायफल भरून द्यायची, कधी खरी भरलेली, कधी रिकामी, आणि तुम्हाला सांगायचं नाही. रिकाम्या वेळी नळीच्या तोंडाने बुडी मारली की सोबत्याला लगेच दिसतं.

टोपी फुटली पण बार झाला नाही, तर रायफल निशाणाकडेच रोखून किमान एक मिनिट थांबा. हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच.

पहिला_बार:
एवढं मनापासून लिहिलंत, सगळ्यांचे आभार. पुढच्या वेळी सगळं करून बघतो आणि आकडे टाकतो. चामड्याचा प्रयोग आजच केला. दहापैकी तीन वेळा माशी खाली गेली. मला याची कल्पनाच नव्हती.

पहिला_बार:
आलो. सकाळभर तेच केलं.

प्रत्येक बारानंतर पुसलं, चिंधी मोजून ०.३८ मिमी, गजावर दोन खुणा, आधार लाकडाखाली. चापाचा सराव रोज संध्याकाळी वीस वेळा करत होतो.

६० ग्रेन: पसारा ९ सेंमी, १२ सेंमी खाली.
७० ग्रेन: पसारा साडेसहा सेंमी, ११ सेंमी खाली.
८० ग्रेन: पसारा १० सेंमी, १० सेंमी खाली.

प्रत्येकाचे पाच-पाच बार, आणि ७० चा ग्रुप खात्रीसाठी दोनदा काढला. डावीकडचे ३ सेंमी मात्र तिन्हींत तसेच. चिंध्या सापडल्या, अखंड आहेत. गज आता प्रत्येक बाराला सारखाच जातो, हाताला फरक कळतो.

शिसं_आणि_चिंधी:
छान! १५ वरून साडेसहावर आलात आणि रायफलीला हातही लावला नाही. ७० पक्कं करा. आता ११ या आकड्यावर विश्वास ठेवता येईल.

लांबनळी:
डावीकडच्या ३ सेंमीसाठी कोणी डव्हटेल ठोकायला सांगण्याआधी एक विचारतो. ऊन कुठून येत होतं? आणि माशी चमकदार पितळेची आहे ना?

पहिला_बार:
सकाळी जातो, ऊन उजवीकडून येतं. माशी लखलखीत आहे, मी तर ती मुद्दाम घासून चमकवली होती.

लांबनळी:
मग तेच असण्याची दाट शक्यता आहे. उजवीकडून ऊन पडलं की माशीची उजवी कड चमकते आणि डोळा त्या चमकलेल्या कडेलाच माशी समजतो. ती कड खाचेच्या मधोमध आणली की खरी माशी डावीकडे सरकलेली असते, नळी डावीकडे वळते, गोळी उजेडापासून दूर जाते. चमकत्या माशीचा हा कायमचा त्रास.

माशीवर काजळी धरा. मेणबत्तीची ज्योत क्षणभर माशीजवळ नेली की मऊ काळा थर बसतो. अर्थात रायफल रिकामी, आणि दारूचा डबा त्या जागेपासून खूप लांब. हे काम मैदानात नको, घरून करून न्या. काजळीने माशी एकदम धारदार, चौकोनी दिसू लागते.

कानसवाली:
लांबनळी यांनी मोलाचं सांगितलं. तोवर मी नेमाचा प्रश्न काढते, कारण तो ठरल्याशिवाय घासायचं गणित मांडताच येत नाही. पहिला_बार, माशीचं टोक काळ्या वर्तुळाच्या मध्यावर ठेवता की खालच्या कडेला?

पहिला_बार:
खालच्या कडेला. वर्तुळ १० सेंमी व्यासाचं आहे. मोजताना मात्र केंद्रापासून मोजतो.

लांबनळी:
मग त्यातले ५ सेंमी नुसत्या नेमामुळे आहेत. मध्यावर नेम धरा, फक्त ६ सेंमी उरतील. मी तर नेहमी मध्यावरच धरतो. जिथे माशीचं टोक, तिथे गोळी. निशाणाचा आकार बदलला तरी हिशेब बदलत नाही.

शिसं_आणि_चिंधी:
इथे मी तुमच्याशी सहमत नाही. कागदावरच नेमबाजी करायची असेल तर खालची कड उत्तम. काळ्या वर्तुळावर काळी माशी दिसतच नाही, टोक कुठे संपतं ते कळत नाही. खालच्या कडेशी पांढऱ्या कागदावर काळं टोक स्वच्छ दिसतं आणि रोज तिथेच बसतं. उंचीतली चूक कमी होते.

लांबनळी:
तुमचा मुद्दा मान्य, पण वर्तुळ मोठं घेतलं की नेम चुकलाच. २० सेंमीचं वर्तुळ लावलं की खालची कड ५ सेंमी आणखी खाली गेली.

शिसं_आणि_चिंधी:
म्हणून वर्तुळही एकच ठेवायचं. पहिला_बार यांनी ठरवावं. दोन्ही चालतात. आज एक आणि उद्या दुसरं असं करू नका, एवढंच माझं म्हणणं.

पहिला_बार:
मध्यावर धरून बघितलं, माशी खरंच हरवते. खालची कडच ठेवतो. १० सेंमीचं वर्तुळ, ५० मीटर. म्हणजे ११ सेंमी वर आणायचे.

कानसवाली:
आता गणित. सोपं आहे:

माशी किती मिमी घासायची = दोन साइटमधलं अंतर × चूक ÷ निशाणाचं अंतर. सगळं मिलिमीटरमध्ये.

माशीपासून मागच्या खाचेपर्यंतचं अंतर मोजून सांगा. ५० मीटर म्हणजे ५०,००० मिमी.

पहिला_बार:
६८० मिमी.

कानसवाली:
६८० × ११० ÷ ५०,००० = १.४९६. म्हणजे दीड मिलिमीटर. तुमची ६.२ ची माशी ४.७ वर येईल.

हे उलटं फिरवून ठेवा, कामाच्या वेळी तेच लागतं: माशीवरचा ०.१ मिमी म्हणजे ५० मीटरवर साधारण ७ मिमी. अर्धा मिमी म्हणजे पावणेचार सेंमी. लांब नळीवर हाच आकडा वेगळा येतो. माझ्या चकमकीच्या रायफलीवर दोन साइटमध्ये ९०० मिमी अंतर आहे, तिथे अर्धा मिमी घासला तर गोळी पावणेतीन सेंमीच चढते. म्हणून दुसऱ्या कोणाच्या रायफलीचा आकडा उसना घेऊ नये.

घासायची पद्धत, मी करते ती:

रायफल रिकामी. गज आत टाकून खूण बघायची, निपल मोकळं, घोडा खाली. मग वाइसच्या जबड्यांना चामडं किंवा जाड कापड लावून नळी आडवी धरायची, जास्त आवळायची नाही. माशीच्या दोन्ही बाजूंना नळीवर चिकटपट्टीचे तीन-चार थर द्यायचे. कानस घसरली तर ओरखडा पट्टीवर पडावा, नळीवर नाही. कानस बारीक दातांची, शक्यतो ज्या कानशीच्या कडेला दात नाहीत अशी.

माशीचा वरचा माथा सपाट आणि नळीला समांतर राहिला पाहिजे. पुढे-मागे घासत बसलं की माथा गोल होतो, आणि गोल माथ्यावर उजेड कुठेही चमकतो. एका दिशेने लांब, हलके घाव. दहा घाव झाले की व्हर्नियर (बारीक मोजमापाचं साधन) लावून मोजायचं. पितळ मऊ असतं, विचार करेपर्यंत ०.२ मिमी गेलेलं असतं. पोलादी माशी असेल तर संथ चालतं, पण तिथेही मोजायचंच.

माथ्याची मागची कड, जी तुमच्याकडे बघते, ती किंचित आत कललेली ठेवा. वरची कड तशीच ठेवून खाली जाताना आतल्या बाजूला, म्हणजे नळीच्या तोंडाकडे, थोडा उतार दिला की आकाशाचा उजेड त्या चेहऱ्यावरून डोळ्यांत येत नाही. शेवटी कडांवरची पितळाची बारीक कुसळं काढून टाकायची.

आणि एकदम दीड मिमी घासायचं नाही. पहिल्यांदा ०.५. मग मैदान. मग पुन्हा मोजमाप. तुम्ही अजून नवे आहात, सरावाने तुमचा धरण्याचा ढब बदलेल, चाप सुधारेल, आणि गोळी स्वतःहून थोडी चढेल. शेवटचे दोन सेंमी महिनाभर तसेच सोडा.

१८५३वाला:
माझा त्रास बरोबर उलटा आहे, पण धाग्याला धरून आहे म्हणून लिहितो. माझ्याकडे १८५७ च्या काडतुसांवरून इतिहासात गाजलेल्या पॅटर्न १८५३ एनफिल्डची प्रतिकृती आहे. ५० मीटरवर ती चांगलीच वर मारते. मागची पट्टी सगळ्यांत खाली आहे, तरी.

शिसं_आणि_चिंधी:
त्या लष्करी रायफलींच्या मागच्या साइटची सगळ्यांत खालची खूणच १०० यार्डांची असते, म्हणजे ९१ मीटर. पुढच्या पट्ट्या त्याहून दूरच्या. सैनिकाला ५० मीटरवरच्या कागदाची पर्वा नव्हती. म्हणून जवळच्या अंतरावर त्या वर मारतात. तुम्हाला उंच माशी लागेल. गणित ताईंचंच, फक्त घासण्याऐवजी वाढवायचं. मूळ माशी काढून उंच पात्याची बसवा, किंवा कुशल बंदूक-कारागिराकडून पात्यावर तुकडा जोडून घ्या आणि तो मग थोडा थोडा घासा.

पहिला_बार यांनी हे वाचून ठेवावं. कानस जास्त चालली की हीच पाळी येते. तेव्हा मात्र मागची खाच खोल करायची युक्ती उपयोगी पडते, कारण तिने गोळी खाली येते.

जुनं_लोखंड:
आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आलेली एक ठासणीची रायफल आहे, खरी जुनी, प्रतिकृती नाही. परवाना आहे. ती पण खाली मारते असं आजोबा सांगायचे. या धाग्यावरून माशी घासून घेऊ का?

कानसवाली:
नका, कृपा करून नका. खऱ्या जुन्या रायफलीवर कानस चालवणं म्हणजे तिच्या अंगावरचा इतिहास पुसणं आहे. ती माशी कोणीतरी शंभर-दीडशे वर्षांपूर्वी हाताने बसवली, तिच्यावर त्या माणसाच्या नेमाची खूण आहे.

त्याआधी आणखी एक तातडीचं. ती रिकामी आहे का ते तपासलंय? जुन्या ठासणीच्या बंदुका भरलेल्याच भिंतीवर टांगलेल्या सापडतात, आणि कोरडी राहिलेली काळी दारू कित्येक दशकांनीही पेटते. गज आत टाकून तोंडाशी खूण करा, मग तोच गज बाहेर नळीला लावून तो कुठपर्यंत पोचतो ते बघा. निपलच्या अलीकडेच दोन-चार बोटं थांबत असेल तर आत काहीतरी आहे. मग स्वतः काहीही करू नका, जाणत्या कारागिराला बोलवा.

नळी, निपल आणि मागचा बूच कारागिराने तपासून दिल्याशिवाय तिच्यातून बार काढायचा नाही. तपासून दिली आणि चालवायचीच असेल तर परत फिरवता येणारे उपाय करा. मागची साइट डव्हटेलमध्ये असेल तर तिच्याखाली पातळ पितळी पत्र्याचा तुकडा घालून ती उचलता येते. किंवा नवी बुटकी माशी बनवून घ्या आणि मूळची डबीत नाव-तारीख लिहून जपून ठेवा. सगळ्यांत साधं म्हणजे नेम तेवढा वर धरा. तुमचे आजोबाही बहुतेक तेच करत असतील.

जुनं_लोखंड:
ताई, गजाने मोजलं. तीन बोटं आधीच थांबतो. रायफल कुलूपबंद ठेवली, उद्या माणूस येतोय. हे कोणी सांगितलं नसतं तर मी ती घरातल्या मुलांना हातात धरायला देत होतो.

चकमक_चाप:
देवाची कृपा. काका, काय निघतं ते नक्की कळवा.

पहिला_बार:
माझाही अहवाल देतो. आधी काजळी, कानस अजून नाही. तेच ऊन, तीच वेळ, ७० ग्रेन. दहा बार काढले. डावीकडचे ३ सेंमी होते ते १ सेंमीच्या आत आले! लांबनळी दादा, डव्हटेल ठोकली असती तर ढगाळ दिवशी गोळ्या उजवीकडे गेल्या असत्या. खाली मात्र ११ च.

मग घरी येऊन ०.५ मिमी घासला. व्हर्नियरने चार वेळा मोजला.

लांबनळी:
मस्त. ०.५ ला पावणेचार सेंमी अपेक्षित. किती चढली?

पहिला_बार:
साडेतीन. म्हणजे आता साडेसात खाली. गणित इतकं जुळेल असं वाटलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला ०.४ घासून साडेचारवर, तिसऱ्या खेपेला ०.३ घासून सव्वादोनवर आलो. माशी आता ५.० मिमी. पसारा ६ सेंमीच्या आसपास टिकून आहे. आता ताईंनी सांगितल्याप्रमाणे महिनाभर कानसीला हात लावणार नाही.

जुनं_लोखंड:
कारागीर आला होता. आत गोळी आणि दारू दोन्ही निघाली. दारू कोरडी होती. त्याने ती त्याच्या पद्धतीने सुरक्षित बाहेर काढली. नळी आतून गंजलेली आहे, चालवायची नाही असं स्पष्ट सांगितलं. रायफल आता रिकामी करून, तेल लावून भिंतीवर जाईल. माशी जशी आहे तशी.

कानसवाली:
काका, हे वाचून मनावरचं ओझं उतरलं. गज आणि दोन खुणा हे जितक्या घरांत पोचेल तितकं बरं.

पहिला_बार:
सहा आठवडे झाले. मध्ये एकदा ढगाळ हवेत आणि एकदा कडक उन्हात, असे मिळून चाळीस बार काढले. सरासरी २ सेंमी खाली, पाव सेंमी डावीकडे. चापाच्या सरावात वीसपैकी एखाद्या वेळीच माशी हलते. मग शेवटचा ०.२ मिमी घासला, मागच्या कडेला किंचित उतार दिला, काजळी धरली. आजचे दहा बार: अर्धा सेंमी खाली, पसारा साडेपाच.

एकूण १.४ मिमी गेला. पहिल्या दिवशीच्या १४ सेंमीवर घासलं असतं तर १.९ गेला असता, आणि आज एनफिल्डवाल्या दादांसारखी नवी माशी शोधत बसलो असतो.

एकच विचारतो: ५० ला जुळलेली ही रायफल १०० मीटरवर किती खाली जाईल?

शिसं_आणि_चिंधी:
गोल गोळी हवेत वेग फार लवकर गमावते. ५० ला जुळवली असेल तर १०० ला केंद्रापासून १५ सेंमीच्या आसपास खाली धरून चला, थोडी जास्तही असेल. पण तिथे गणित नको, कागद लावा. एक मोठा कोरा पुठ्ठा घ्या, वरच्या भागात वर्तुळ चिकटवा आणि खाली भरपूर जागा सोडा. वर्तुळ १० चं ठेवलं तर १०० मीटरवर ते निम्मं दिसेल, म्हणून त्या अंतरासाठी २० सेंमीचं लावा. खालची कड तुमच्या डोळ्यांना तशीच दिसेल. आकडे मात्र आतापर्यंतसारखे केंद्रापासूनच मोजा, म्हणजे दोन वर्तुळांचा घोळ होणार नाही. आणि काहीही आकडा आला तरी माशी घासू नका. ती ५० ची आहे.

पहिला_बार:
पुठ्ठा आणला. वारा कमी असला तर येत्या वेळीच दहा बार काढतो आणि आकडे इथेच टाकतो.